'विअर्ड' : दैवापासून वैचित्र्यापर्यंत

इंग्रजी भाषेत वैचित्र्याचा बोध करून देणाऱ्या शब्दांची टंचाई मुळीच नाही. लॅटिन वंशाचा आणि फ्रेंचांच्या मार्फत इंग्लंडात दाखल झालेला 'स्ट्रेंज' हा शब्द प्रथम परमुलखातून आलेल्याला उद्देशून वापरला जात असे; नॉर्स बोलीतून उतरलेला 'ऑड' हा मूळचा विषम संख्येचा, ज्याची जोडी जुळली नाही अशा एकट्या उरलेल्याचा; 'एक्सेंट्रिक' हा प्राचीन ज्योतिर्गणितातील, पृथ्वी ज्याच्या केंद्रस्थानी नाही अशा वर्तुळाचे वर्णन करणारा; आणि 'आउटलँडिश' या शब्दाच्या अंगावर तर परदेशाचा शिक्का उघडच उमटलेला आहे. या शब्दांची वंशावळ निरनिराळी असली तरी त्यांची विचारपद्धती एकच आहे. कोठेतरी एक केंद्र गृहीत धरावयाचे, मग ते केंद्र स्वदेशाचे असो, जोडीचे असो की आकाशातील वर्तुळाचे असो, आणि त्या केंद्रापासून जे दूर पडले असेल त्याला विचित्र म्हणावयाचे. या कुटुंबात आज 'विअर्ड' हा शब्द मोठ्या अधिकाराने नांदत असला तरी त्याचा जन्म या घरातला नव्हे. एखाद्या वस्तूचे इतरांपासूनचे अंतर सांगणे हे त्याचे मूळ कार्यच नव्हते. राजापासून रंकापर्यंत ज्याच्या अमलातून कोणीही सुटत नाही त्या दैवाचे ते नाव होते. सर्वांना व्यापून राहिलेल्या सत्तेचे हे नाम, चारचौघांपासून वेगळे पडलेल्या गोष्टीचे विशेषण कसे झाले, हा इतिहास सुमारे बाराशे वर्षांचा आहे, आणि शब्दाचा अर्थ फिरतो तेव्हा त्या अर्थाबरोबर माणसाची दृष्टीही कशी फिरत असते याचा तो एक उत्तम दाखला आहे.

वृत् धातूचे इंग्रजी अपत्य

प्राचीन इंग्रजीत या शब्दाचे रूप 'विर्ड' असे होते आणि तो स्त्रीलिंगी होता. 'होणे, घडून येणे' या अर्थाच्या 'वेओर्थन' या क्रियापदापासून तो निघाला. हेच क्रियापद जर्मन भाषेत 'वेर्डेन' या रूपाने आजही नित्य वापरात आहे. लॅटिनमध्ये याच धातूचे 'वेर्तेरे', म्हणजे वळणे, हे रूप आढळते. आणि संस्कृतात तोच 'वृत्' होय, ज्याच्यापासून वर्तन, वर्तुळ, आवर्त, परिवर्तन, वर्तमान असे शब्द होऊन ते मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यात येऊन बसले आहेत. वळणे आणि घडणे या दोन कल्पनांचा संबंध आपल्याला अपरिचित वाटू नये, कारण गोष्ट ज्या वळणावर गेली त्यालाच आपण घडलेली गोष्ट म्हणतो. वृत् धातूचे भूतकाळवाचक धातुसाधित जे 'वृत्त' त्याचा मूळ अर्थ 'जे झाले ते' असा आहे आणि पुढे वार्ता, बातमी असा अर्थ त्याला आला. प्राचीन इंग्रजीतील 'विर्ड' हा शब्दही कित्येक ठिकाणी 'घडलेली घटना' एवढ्याच साध्या अर्थाने येतो. एकाच मूळ पुरुषाची ही दोन अपत्ये हजारो मैलांचे अंतर पडूनही इतकी सारखी वागतात, हे पाहून भाषाशास्त्राच्या अभ्यासकाचे मन प्रसन्न झाल्यावाचून राहत नाही.

या धातूची योग्यता तेवढ्यावरच संपत नाही. जर्मानिक भाषांतील काही व्यंजने ध्वनिपरिवर्तनाच्या सर्वमान्य नियमाला न जुमानता निराळ्याच रूपात का आढळतात, याचा उलगडा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कोणालाही झालेला नव्हता. 1870 च्या दशकात कार्ल व्हर्नर या डॅनिश विद्वानाने तो केला, आणि त्याची किल्ली त्याला सापडली ती वैदिक संस्कृताच्या स्वरांमध्ये. शब्दात उदात्त स्वर कोणत्या अक्षरावर पडत असे ते आपल्या वैदिकांनी कटाक्षाने जतन करून ठेविले होते. त्या स्वराच्या जागेवरच जर्मानिक व्यंजनाचे भवितव्य अवलंबून असते, असे व्हर्नरने सिद्ध केले. हा नियम शिकविताना संस्कृत वृत् धातूची रूपे आणि 'वेओर्थन' या क्रियापदाची रूपे शेजारी शेजारी मांडून दाखविण्याचा प्रघात आहे. 'वेओर्थन' यातील 'थ' आणि 'विर्ड' यातील 'ड' एकाच धातूत कसे नांदू शकतात, या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने वेदपाठ्यांच्या कंठात सुरक्षित राहिले होते.

उत्तरेकडील नॉर्स पुराणांत याच शब्दाची सख्खी बहीण 'उर्द' ही देवतारूपाने प्रकट झालेली आहे. विश्ववृक्ष जो इग्द्रासिल त्याच्या मुळाशी उर्दची विहीर आहे आणि तेथे उर्द, वेर्दांदी व स्कुल्ड या तीन कुमारिका मनुष्याचे आयुष्य ठरवितात, असे 'व्होलुस्पा' या प्राचीन काव्यात वर्णन आहे. यांपैकी पहिली दोन्ही नावे एकाच क्रियापदापासून झाली आहेत. उर्द म्हणजे जे झाले ते, आणि वेर्दांदी म्हणजे जे होत आहे ते, जिला संस्कृतात वर्तमान म्हणावे लागेल. तर स्कुल्ड या नावात जे देणे आहे, जे भरावेच लागेल, अशा ऋणाची कल्पना आहे. बालकाच्या जन्मसमयी या देवता येऊन त्याचे दैव ठरवितात, ही नॉर्स लोकांची समजूत वाचताना, सहाव्या रात्री येऊन बालकाच्या कपाळी अक्षरे लिहून जाणारी आपली सटवाई मराठी वाचकाला आठवल्यावाचून कशी राहील? दैवाचा लेखाधिकार स्त्रीदेवतेकडे सोपविण्याची ही कल्पना ग्रीक आणि रोमन लोकांतही होती. आणि म्हणूनच लॅटिन शब्दांना इंग्रजी प्रतिशब्द देणाऱ्या जुन्या कोशांत रोमनांच्या 'पार्सी' या तीन दैवदेवतांसाठी 'विर्ड' याच शब्दाचे अनेकवचन योजिलेले आढळते.

दैवाची कारकीर्द आणि तिचा अस्त

'बेओवुल्फ' या महाकाव्याची जी एकमेव हस्तलिखित प्रत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेविलेली आहे ती सन 1000 च्या आसपासची आहे. ग्रेंडेल नामक राक्षसाशी सामना करण्यापूर्वी त्या काव्याचा नायक सांगतो की विर्ड आपल्या मार्गाने जाणारच; आणि दुसऱ्या प्रसंगी तोच असेही म्हणतो की ज्याच्या मरणाची घटिका भरलेली नाही आणि ज्याचे धैर्य खचलेले नाही अशा वीराला विर्ड पुष्कळदा तारून नेते. ही दोन वचने एकत्र वाचली म्हणजे त्या काळच्या योद्ध्याचे तत्त्वज्ञान स्पष्ट होते. दैव अटळ आहे म्हणून शस्त्र खाली ठेवावे असे तो मानीत नाही. दैवाचा निकाल लागेपर्यंत आपल्या वाट्याचे शौर्य गाजविणे हेच तो आपले कर्तव्य समजतो.

या शब्दात जुन्या मूर्तिपूजक धर्माची एखादी देवी दडलेली आहे, असे मानण्याकडे एकोणिसाव्या शतकातील पंडितांचा फार कल होता. विसाव्या शतकात एरिक स्टॅन्ली यांनी या समजुतीची कसून तपासणी केली आणि आपल्या हाती असलेले प्राचीन इंग्रजी वाङ्मय ख्रिस्ती लेखकांच्या हातून लिहिले गेले असल्यामुळे त्यातील विर्डमध्ये देवतेचा शोध घेणे किती धोक्याचे आहे ते दाखवून दिले. या मताला बळकटी देणारा मोठा पुरावा राजा आल्फ्रेड याच्या कारकीर्दीतील, म्हणजे 871 ते 899 या काळातील आहे. सहाव्या शतकात कारागृहात मृत्यूची वाट पाहत असलेल्या बोएथिअसने लिहिलेल्या तत्त्वज्ञानविषयक लॅटिन ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद आल्फ्रेडच्या नावावर आहे. त्यात ईश्वराचा पूर्वसंकल्प एका बाजूस आणि त्या संकल्पाची नित्य घडणारी अंमलबजावणी दुसऱ्या बाजूस, असा भेद करून त्या अंमलबजावणीला 'विर्ड' हे नाव दिले आहे. स्वतंत्र सत्ताधीश म्हणून वावरणारे दैव येथे परमेश्वराच्या दरबारी रुजू झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढील दोन-तीन शतके दरबार, न्यायालय आणि दफ्तर यांत फ्रेंच व लॅटिन भाषांचा अंमल राहिला. त्यांच्या आश्रयाने 'फेट', 'डेस्टिनी' आणि 'फॉर्च्यून' हे दैववाचक शब्द इंग्रजीत आले आणि एतद्देशीय 'विर्ड' हळूहळू मागे हटू लागला. चौदाव्या शतकात चॉसरच्या काव्यात तो भेटतो, परंतु त्याची मान आता पूर्वीसारखी ताठ नाही; एका ठिकाणी तर चॉसर, हेच ते ज्याला आपण 'डेस्टिनी' म्हणतो, असा खुलासा त्याला जोडतो. ज्या शब्दाचा अर्थ परक्या शब्दाने समजावून द्यावा लागतो त्याचे आपल्याच घरातले वतन खालसा होत आले आहे, हे ओळखावे. पंधराव्या शतकानंतर दक्षिण इंग्लंडच्या सामान्य व्यवहारातून हा शब्द जवळजवळ नाहीसा झाला.

स्कॉटलंडचा आश्रय आणि शेक्सपिअरच्या तीन भगिनी

राजधानीत लोपलेले शब्द सीमेवरच्या मुलखात दीर्घकाळ टिकून राहतात, याचा अनुभव प्रत्येक भाषेत येतो. हा शब्द स्कॉटलंडात टिकला. 'ड्री युअर विअर्ड', म्हणजे तुझ्या वाट्याचा भोग तू भोगला पाहिजेस, हा स्कॉट बोलीतील वाक्प्रचार पुढे वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांमुळे सर्व इंग्रजी वाचकांच्या परिचयाचा झाला. आजचे 'विअर्ड' हे वर्णलेखनही स्कॉटलंडकडूनच आलेले आहे. आणि इंग्रजी शाळांतून 'आय' हे अक्षर 'ई'च्या आधी येते असा जो नियम मुलांकडून घोकून घेतात त्याला हा शब्द अपवाद ठरतो तो या उत्तरेकडील शिरस्त्यामुळेच.

याच स्कॉटलंडात 1040 ते 1057 पर्यंत मॅकबेथ नावाचा राजा प्रत्यक्ष राज्य करून गेला होता. सुमारे 1420 च्या अँड्र्यू ऑफ विंटन याच्या पद्यमय बखरीत या मॅकबेथला स्वप्नात तीन स्त्रिया दिसतात आणि त्या 'विअर्ड सिस्टर्स', म्हणजे दैवभगिनी, असाव्यात असे त्याला वाटते. 1513 मध्ये व्हर्जिलच्या महाकाव्याचे स्कॉट भाषांतर पूर्ण करणाऱ्या गॅव्हिन डग्लसने रोमन दैवदेवतांना हेच नाव दिले. हेक्टर बोएसने 1527 मध्ये लॅटिनमधून सांगितलेली मॅकबेथची कथा बेलेंडनने स्कॉट भाषेत आणली, आणि तेथून ती राफाएल होलिन्शेडच्या इंग्रजी बखरीत उतरली. या बखरीची पहिली आवृत्ती 1577 ची आणि शेक्सपिअरने हाताळलेली दुसरी 1587 ची. मॅकबेथला भेटलेल्या त्या तीन स्त्रिया 'विअर्ड सिस्टर्स', म्हणजे दैवाच्या देवता, किंवा मग कोणी वनदेवता अथवा पऱ्या असाव्यात, असे होलिन्शेड आपल्या वाचकाला समजावून सांगतो. हे स्पष्टीकरण देण्याची गरज त्याला भासली, यावरूनच लंडनच्या वाचकाला हा शब्द किती अपरिचित झाला होता ते कळून येते.

सुमारे 1606 मध्ये शेक्सपिअरने 'मॅकबेथ' लिहिले आणि होलिन्शेडकडून तो शब्द जसाच्या तसा उचलला. 1623 मध्ये त्याच्या नाटकांचा जो पहिला संग्रह निघाला त्यात मात्र या शब्दाचे वर्णलेखन कोठे 'वेवर्ड' तर कोठे 'वेयर्ड' असे झाले आहे. स्वच्छंद, हेकेखोर अशा अर्थाच्या 'वेवर्ड' या प्रचलित शब्दाशी त्याची गल्लत झालेली दिसते. पुढे 1733 मध्ये लुइस थिओबाल्ड या संपादकाने 'विअर्ड' हा पाठ छापला आणि तोच आज सर्वत्र रूढ आहे. एका अर्थी पाठचिकित्सेने या शब्दाला पुनर्जन्म दिला.

परंतु हा पुनर्जन्म पूर्वजन्मीच्या स्मृतीसह झाला नाही. नाटक पाहणाऱ्याला अथवा वाचणाऱ्याला 'विअर्ड' म्हणजे दैव हे ठाऊक नव्हते. त्याला समोर दिसत होत्या त्या सुरकुतलेल्या कातडीच्या, दाढी असलेल्या, धड स्त्रिया नाहीत आणि धड पुरुषही नाहीत अशा आकृती, ज्या ओसाड माळरानावर वादळात प्रकट होतात, कोड्यांत बोलतात आणि हवेत विरून जातात. ज्या शब्दाचा अर्थ आपल्याला माहीत नसतो त्याचा अर्थ आपण संदर्भावरून बसवितो. तेव्हा 'विअर्ड सिस्टर्स' याचा अर्थ 'दैवाच्या भगिनी' असा न घेता 'अशा भयंकर आणि अमानुष दिसणाऱ्या भगिनी' असा लोकांनी घेतला. नाम होते ते विशेषण झाले, आणि त्या भगिनी जे काम करीत होत्या त्याचा विसर पडून त्यांचे रूप तेवढे शब्दाला चिकटले. या शब्दाच्या इतिहासातील निर्णायक वळण ते हेच.

गूढ, भयप्रद आणि मग नुसतेच चमत्कारिक

रोमँटिक संप्रदायाच्या कवींनी हे नवे विशेषण आवडीने स्वीकारले. शेलीच्या 1816 मधील 'अ‍ॅलास्टर' या काव्यात ते येते. कीट्सच्या 1820 मधील 'लामिया'मध्ये हर्मीस देवाशी बोलताना सर्परूपिणी नायिका ज्या मंत्रसिद्ध अर्कांचा उल्लेख करते त्यांना तेच लावलेले आहे. 1851 मध्ये टेनिसनने आपल्या 'द प्रिन्सेस' या काव्यात नव्याने भर घालून त्यातील राजपुत्राला अशी एक व्याधी दिली की भर दिवसा लोकांच्या मेळाव्यात असताना अकस्मात सारे जग त्याला छायेसारखे भासू लागावे. त्या झटक्यांचे वर्णन कवीने याच विशेषणाने केले. अमेरिकेत एडगर अ‍ॅलन पो याने स्वप्नभूमीच्या वर्णनासाठी त्याची योजना केली. या सर्व ठिकाणी दैवाचा अर्थ मावळलेला असला तरी मानवी बुद्धीच्या हद्दीपलीकडून काहीतरी आपल्याला स्पर्श करीत आहे ही जाणीव अद्याप जिवंत आहे.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या सुमारास इंग्रजी वाङ्मयात भयमिश्रित गूढतेसाठी रूढ झालेले 'ईअरी' आणि 'अनकॅनी' हे दुसरे दोन शब्दही उत्तर ब्रिटनच्याच बोलींतून आलेले आहेत. 'ईअरी' हे प्रथम भ्यालेल्या माणसाचे विशेषण होते आणि कालांतराने भीती उत्पन्न करणाऱ्या स्थळाचे झाले. 'अनकॅनी' या शब्दात 'जाणणे' या अर्थाचा धातू असून आपल्या जाणत्या आणि भरवशाच्या जगात न बसणारे ते अनकॅनी, अशी त्याची घडण आहे. सिग्मंड फ्रॉइडने 1919 मध्ये लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात या 'अनकॅनी' भावनेची मीमांसा केली आणि जे एके काळी घरातले व परिचित होते पण मनाने दडपून टाकले होते तेच परत समोर आले म्हणजे ही भावना उद्भवते, असा सिद्धांत मांडला. ब्रिटिश लेखक मार्क फिशर यांनी आपल्या अखेरच्या ग्रंथात या शब्दांच्या सीमारेषा अधिक रेखीव केल्या. जेथे असू नये तेथे एखादी गोष्ट असली म्हणजे ते 'विअर्ड'. आणि जेथे काही असावयास हवे तेथे ते नसले, अथवा काही नसावयास हवे तेथे कोणाचा तरी वावर जाणवला, म्हणजे ते 'ईअरी', असा त्यांचा विवेक आहे. निर्जन आणि ओसाड गाव पाहून मनात जे दाटते ते ईअरी. त्याच गावाच्या विहिरीतून भिन्न सृष्टीतला जीव वर आला तर तो विअर्ड. समानार्थी म्हणून कोशांत शेजारी बसणारे शब्द अनुभवात एकमेकांपासून किती निराळे असतात, हे या विवेचनावरून उमगते.

1923 च्या मार्च महिन्यात शिकागो येथे 'विअर्ड टेल्स' या नावाचे मासिक निघाले, आणि त्याने या विशेषणाला एका वाङ्मयप्रकाराचे नाव बनविले. एच. पी. लव्हक्राफ्ट हा त्या मासिकाचा सर्वांत प्रभावी लेखक. अलौकिक भयाच्या वाङ्मयावर त्याने 1927 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रदीर्घ निबंधाचे म्हणणे असे की, खून, हाडे आणि साखळ्यांचा खणखणाट यांनी खरी विअर्ड कथा सिद्ध होत नाही. निसर्गाचे जे नियम आपले एकमेव संरक्षण आहेत तेच क्षणभर स्थगित झाले असा श्वास रोधणारा संशय वाचकाच्या मनात उत्पन्न झाला पाहिजे. येथे शब्दाचा मूळ अर्थ पुन्हा एकदा पृष्ठभागाजवळ येतो. आपल्या इच्छेला आणि हिशेबाला न जुमानणारी विश्वव्यापी सत्ता हेच प्राचीन 'विर्ड'चे स्वरूप होते.

तथापि बाजारात फार फिरलेल्या नाण्याची मुद्रा झिजते तशी या शब्दाचीही झिजली. विसाव्या शतकाच्या मध्यास तऱ्हेवाईक माणसाला 'विअर्डो' म्हणण्याची चाल पडली. पुढे एखाद्या गोष्टीने अस्वस्थ होण्याला 'विअर्ड आउट' होणे असे क्रियापदही सिद्ध झाले. जेवणाची चव, मित्राचे मौन, घड्याळाचा आवाज, अंगाला आलेली कणकण, कशालाही आज हे विशेषण लागते. हा केवळ इंग्रजीचाच दोष समजण्याचे कारण नाही. 'विचित्र' हा आपला शब्द संस्कृतात नानारंगी, विविधतेने नटलेले अशा प्रशंसेच्या अर्थाने येत असे. साहित्यशास्त्रात 'चमत्कार' म्हणजे सहृदयाच्या चित्ताचा आनंदमय विस्तार. आणि आज आपण कोणाला विचित्र किंवा चमत्कारिक म्हटले तर त्याचा कोणी गौरव समजणार नाही. विस्मयाचे शब्द नित्याच्या वापराने तक्रारीचे शब्द होतात, हा दोन्ही भाषांचा समान अनुभव आहे.

केंद्र कोणाचे?

एकविसाव्या शतकात या शब्दाने आणखी तीन वळणे घेतली आणि तिन्ही विचार करण्याजोगी आहेत. सन 2000 मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरी रेड वासेनिक या ग्रंथपालाच्या तोंडून, ऑस्टिनचे वैचित्र्य टिकवून ठेवा, अशा अर्थाचे वाक्य निघाले. स्थानिक दुकानदारांनी त्याचे घोषवाक्य केले आणि ते इतर शहरांतही पसरले. सर्वत्र एकसारख्या होत चाललेल्या नगरांत आपले निराळेपण ही जतन करण्यासारखी मत्ता आहे, असा अभिमान त्यात आहे. उलटपक्षी 2024 च्या अध्यक्षीय निवडणुकीत मिनेसोटाचे राज्यपाल टिम वॉल्झ यांनी प्रतिपक्षाच्या नेत्यांना 'विअर्ड' म्हटले आणि तो शब्द काही आठवडे राजकीय शस्त्र म्हणून गाजला. एकाच देशात, पाव शतकाच्या आत, तोच शब्द एका मुखी भूषण आणि दुसऱ्या मुखी दूषण झाला. वस्तूच्या अंगचा गुण तो सांगत असता तर असे होणे शक्य नव्हते.

तिसरे वळण विद्येच्या क्षेत्रातले आहे आणि माझ्या मते ते सर्वांत मोलाचे. 2010 मध्ये जोसेफ हेन्रिक, स्टीव्हन हाइन आणि आरा नोरेंझायन या कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. मानवी मनाविषयीचे सामान्य सिद्धांत म्हणून मानसशास्त्र जे सांगते त्यांचा आधार बहुतांशी अमेरिका व युरोप येथील विद्यापीठांतले विद्यार्थी असतात, ही वस्तुस्थिती त्यांनी पुढे मांडली. वेस्टर्न, एज्युकेटेड, इंडस्ट्रियलाइज्ड, रिच आणि डेमोक्रॅटिक, म्हणजे पाश्चात्त्य, सुशिक्षित, औद्योगिक, श्रीमंत आणि लोकशाहीत वाढलेला असा हा समाज. आणि या पाच शब्दांची आद्याक्षरे एकत्र केली की 'विअर्ड' हाच शब्द होतो. त्यांचे एक उदाहरण म्युलर-लायर या दृष्टिभ्रमाचे आहे. समान लांबीच्या दोन रेषांपैकी एकीच्या टोकांना आत मिटलेले आणि दुसरीच्या टोकांना बाहेर उघडलेले बाण काढले तर त्या असमान भासतात. अमेरिकेतील इव्हॅन्स्टन येथील विद्यार्थ्यांना त्या सारख्या भासाव्यात म्हणून एक रेषा दुसरीहून सुमारे एकपंचमांशाने लांब काढावी लागली. कालाहारी वाळवंटातील सान लोकांना मात्र हा भ्रम जवळजवळ झालाच नाही. अशा भेदाची चाहूल त्यापूर्वी शंभर वर्षे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांना लागलेली होती. टॉरेस सामुद्रधुनीतील बेटांवर आणि नंतर आपल्या निलगिरी पर्वतातील तोडा लोकांमध्ये प्रयोग करून, हा भ्रम त्यांना इंग्रजांपेक्षा कमी होतो असे त्यांनी नोंदविले होते. जो समाज स्वतःला मनुष्यत्वाचे माप समजून इतरांना विचित्र म्हणत आला, तोच मानवजातीच्या विस्तृत पटावर एका टोकाला उभा आहे, असे दिसून आले. केंद्र मानलेली जागाच कड ठरली, आणि 'विअर्ड' हा शब्द प्रेक्षकाकडे वळला.

या साऱ्या प्रवासावरून माझा निष्कर्ष असा की, 'विअर्ड' हा शब्द आज वस्तूचे वर्णन करण्याचा आव आणीत असला तरी प्रत्यक्षात तो पाहणारा आणि पाहिलेली वस्तू यांच्यातील नाते सांगतो. प्राचीन काळी माणूस त्या शब्दाने आपल्या सामर्थ्याची मर्यादा मान्य करीत असे. आज तो आपल्या परिचयाची मर्यादा व्यक्त करतो. मर्यादेची ही जाणीव दोन्ही अर्थांत समान आहे, आणि तिचा ज्याला विसर पडला त्याच्या हाती हा शब्द केवळ हेटाळणीचे साधन होऊन बसतो.

मराठीत लिहिणाऱ्या आणि भाषांतर करणाऱ्या मंडळींना म्हणून एक विनंती करावीशी वाटते. 'मॅकबेथ' मराठीत पुनःपुन्हा आले, वि. वा. शिरवाडकरांचे 'राजमुकुट' तर अनेकांनी वाचले असेल. त्या नाटकातील भगिनींचा विचार करताना 'विचित्र' या शब्दाने काम भागणार नाही. तेथे विधिलिखिताचा, भवितव्याचा अर्थ मनात ठेविला पाहिजे, आणि 'होणे' या अर्थाच्या भू धातूपासून झालेला 'भवितव्य' हा शब्द तर 'विर्ड'च्या घडणीशी तंतोतंत जुळणारा आहे. शेली, कीट्स आणि पो यांच्याकडे आल्यावर 'गूढ', 'अमानुष', 'अद्भुत' यांपैकी प्रसंगाला शोभेल तो शब्द घ्यावा. आजच्या संभाषणातील 'विअर्ड'साठी माणूस असेल तर 'तऱ्हेवाईक' किंवा 'विक्षिप्त', गोष्ट असेल तर 'विचित्र' अथवा 'चमत्कारिक', आणि स्वतःच्या मनाची अवस्था असेल तर 'कसेसेच वाटते' हा आपला घरगुती प्रयोग अगदी चपखल बसतो. शब्दकोश उघडण्यापूर्वी पुस्तक कोणत्या शतकातले आहे ते पाहावे. आणि जिवंत माणसाला हे विशेषण लावण्यापूर्वी आपण कोणते केंद्र धरून मोजीत आहो, हे स्वतःला एकवार विचारावे.